रिंगच्या वाटेत

आमच्या दुकानाच्या पत्र्याला एक भोक आहे. खिळ्याचं नव्हे. नखाने ओरबाडावी तशी वाकडी, लांब चीर आहे, दोन्ही टोकांना निमुळती. सूर्य डोक्यावर आला की तिच्यातून ऊन खाली येतं आणि तेलाने काळ्या पडलेल्या जमिनीवर चंद्राची कोर उमटते. ती सरकत सरकत भिंतीपर्यंत जाते आणि तिथे विझते.

ती चीर रिंगने पाडली.

ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या चाकावर टायर बसवला की तो निसटू नये म्हणून वरून लोखंडाची एक जाड कडी ठोकतात. तिला रिंग म्हणतात. हवा भरत जाते तसा टायर फुगतो आणि त्या रिंगला आतून रेटू लागतो. रिंग खाचेत नीट बसली असली तर वर्षानुवर्षं जागची हलत नाही. खाच गंजून झिजली असली तर मात्र हवा तिला भिरकावून देते. चाक जमिनीवर आडवं असतं, त्यामुळे रिंग सरळ वर जाते. वाटेत काय आहे ते ती बघत नाही.

त्या दिवशी वाटेत कोणी नव्हतं. माझा भाऊ चाकावर वाकून काम करत होता आणि मी दारातून ओरडले, "अरे, चहाचं पार पाणी झालं!" तो हात पुसत उठला, दाराकडे वळला, आणि त्याच्या मागे असा काही आवाज झाला की समोरच्या वळणावर ट्रक थांबले. रिंग पत्रा फाडून गेली ती मागच्या मोकळ्या जागेत सापडली, गवतात, अजून गरम. कुणी मेलं असतं तर आम्ही ते भोक बुजवलं असतं. कुणी मेलं नाही, तेव्हा आठवण म्हणून ते तसंच ठेवलं.

माझ्या भावाला सगळे ड्रायव्हर वस्ताद म्हणतात. वस्तादने त्या दिवसापासून दुकानात एक नेम घातला. हवेचा कॉक ज्याच्या हातात असेल त्याने आधी मोठ्याने विचारायचं, "बाजू?" चाकापाशी जो असेल त्याने चाकाला साखळी गुंडाळायची, उठायचं, भिंतीला पाठ लावायची आणि तिथून ओरडायचं, "बाजू!" हे ऐकल्याशिवाय कॉक उघडायचा नाही. मग समोर कितीही मोठा साहेब घाईला आलेला असो. त्यावरून ड्रायव्हर वस्तादची टिंगल करायचे. "वस्ताद, जेवायला बसतानाही विचारता का हो, बाजू?" तो म्हणायचा, "तुझ्या शेजारी बसायचं असेल तर विचारेन."

मी वस्तादची थोरली बहीण. नवरा गेल्यावर या दुकानात आले आणि दाराजवळच्या बाकावर ट्यूबची पंक्चरं काढायला बसले. ट्यूब घासायची, चिकटी लावायची, ठिगळ दाबायचं, पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. तिथून मला डाव्या हाताला कॉम्प्रेसर आणि वस्ताद दिसायचा, समोर चाक आणि बारक्या.

बारक्या म्हणजे वस्तादचा मुलगा, माझा भाचा. लहानपणी मूठभर होता म्हणून बारक्या. पुढे दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका वाढला तरी नाव तेच राहिलं. आई लवकर गेली त्याची. चेहरा मात्र हुबेहूब तिचा घेऊन आला होता. तेच रुंद कपाळ, हसताना एका बाजूला झुकणारे तेच ओठ. वस्ताद सगळ्या जगावर डाफरायचा, पण पोराकडे बघून त्याला कधी ओरडता आलं नाही. त्याच्यातून ती बघते, असं मला एकदा म्हणाला होता. पुन्हा कधी म्हणाला नाही.

बारक्याचं लग्न झालं आणि घरात सून आली. हुशार पोरगी. घरी शिलाईचं मशीन चालवायची, दुपारी आमचे डबे घेऊन दुकानात यायची आणि ते रिकामे होईपर्यंत फोनवर बोटं फिरवत बसायची. मला अक्षरं लागायला लागली तीही तिच्यामुळेच. रस्त्यावरच्या पाट्या वाचून घेत घेत तिने मला शिकवलं, या वयात.

पहिला व्हिडिओ तिने सहज काढला. बारक्या रिंग ठोकत होता. हातोड्याचा ठेका त्याच्या हातात मुळातच होता, टण टण टणटण. उन्हाची कोर त्याच्या खांद्यावर पडली होती. तेवढं काही क्षणांचं तिने फोनवर टाकलं आणि आम्ही डबे धुवायला घेतले. संध्याकाळी ती धावत आली. "अहो, बघा तरी! लोक वेडे झालेत." कुठल्या कुठल्या गावचे लोक, ज्यांनी जन्मात टायर उचलला नसेल, ते लिहीत होते की हा आवाज ऐकला की डोकं शांत होतं.

"माझं तर ऐकून ऐकून दुखतं," वस्ताद म्हणाला.

मग रोजचं सुरू झालं. जुन्या रिंगवाल्या चाकांचे ट्रक दिवसेंदिवस कमी येत होते, नव्या गाड्यांना ते लागत नाही, त्यामुळे दुपारी वेळ असायचा. सुनेने एक तिपाई आणली, तिच्यावर फोन उभा बसायचा. आणि लोकांना हातोड्यापेक्षा जास्त काय आवडलं, तर आमची हाक. वस्तादचा खडबडीत आवाज, "बाजू?" आणि बारक्याचा भरदार, "बाजू!" शाळेतून सुटलेली पोरं दुकानावरून जाताना ओरडायला लागली. ड्रायव्हर खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळून ओरडायचे. सुनेच्या माहेरी जावयाची ओळख आजवर "गाड्यांचं काहीतरी करतात" अशी करून द्यायचे. आता तिचे चुलते त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत होते. कोणीतरी त्याला बाजूवाला म्हटलं आणि तेच त्याचं नाव पडलं. पोराच्या चालण्यात फरक पडला. मान वर करून चालायला लागला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

एकदा सून मला फोनमध्ये दाखवत होती. "आत्या, बघा, इथे मजाच जाते. ते भिंतीपाशी गेले की दिसतच नाहीत. लोक विचारतात, बाजूवाला गेला कुठे?"

"मग फोन जरा मागे घे की."

"फोन उभा असतो ना, आत्या. आडवं काही मावत नाही त्यात. खाली चाक आणि वर नुसती मोकळी जागा."

मी बघितलं. खरंच तसं होतं. अरुंद, उंच चौकट. तळाला चाक आणि त्याच्यावर थेट पत्र्यापर्यंत मोकळी जागा. त्या जागेत उन्हाचा तिरका पट्टा आणि उडणारी धूळ. ती जागा मी ओळखली. रिंग ज्या वाटेने गेली होती, ती वाट नेमकी त्या चौकटीएवढी होती.

"तिथे माणूस नसतो तेच बरं आहे," मी म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, मी चेष्टा केली.

आधी साखळी गेली. गुंडाळायला वेळ लागतो आणि बघणारे तेवढं थांबत नाहीत, म्हणून सून व्हिडिओमधून तेवढा भाग कापायची. मग एका दुपारी बारक्या म्हणाला, दिसतच नाही तर व्हिडिओच्या वेळी गुंडाळायची कशाला, नंतर गुंडाळू. साखळी भिंतीवरच्या खुंटीला लागली. साखळी नसली की चाक छान दिसतं, असंही कोणीतरी लिहिलं.

मग पडदा आला. वस्तादचा कॉम्प्रेसर म्हणजे गंजका गाडा, त्यावर फडकी, बरण्या, जुने पंखे. चाकाच्या मागे ते सगळं दिसायचं. सुनेने काळं कापड शिवून आडवी दोरी बांधली आणि कॉम्प्रेसरसमोर सोडलं. मागून वस्तादचा नुसता आवाज यायचा. "किती भारी वाटतं बाबा तुमचा आवाज असा अंधारातून आला की," ती म्हणाली.

"मला इथून पोरगा दिसत नाही," वस्ताद म्हणाला.

"ऐकू येतो ना?" बारक्या म्हणाला. "नेम काय आहे तुमचा? ऐकल्याशिवाय उघडायचं नाही. मग ऐका की."

वस्ताद पडद्यामागे गेला. नेम त्याचाच होता.

मी बाकावर बसून दोन्ही बाजू बघत होते. पडद्याच्या अलीकडे बारक्या, पलीकडे वस्ताद. दोघंही एकमेकांना दिसत नव्हते, फक्त मला दिसत होते. पहिले काही दिवस बारक्या भिंतीपाशी जायचा, हाक द्यायचा, मग चौकटीत यायचा. पुढे भिंतीकडे नुसतं वळल्यासारखं करायचा. आणि मग एका दुपारी वस्तादने विचारलं, "बाजू?" आणि बारक्याने चाकावर वाकल्या वाकल्या, उन्हाच्या कोरीत तोंड धरून, फोनकडे बघत म्हटलं, "बाजू!" इतकं सुरेख म्हटलं, की क्षणभर मलाही वाटलं तो भिंतीशीच आहे.

नळी फुरफुरली. हवा आत जायला लागली.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. शब्द नव्हताच तो, नुसता आवाज होता, हातातली ट्यूब पाण्यात पडली आणि बादली कलंडली. वस्तादने कॉक बंद केला आणि पडदा ओढून बाहेर आला. पोरगा चाकावर वाकलेला बघून त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"कुठून म्हणालास तू बाजू?"

"बाबा, अहो नुसतं बोलायचं..."

"कुठून म्हणालास?"

"इथूनच. काही झालं का? वीस वर्षांत काही झालं का कधी?"

वस्तादने वर बोट केलं, पत्र्याकडे. बारक्याने वर पाहिलंच नाही. त्याने फोनकडे पाहिलं, चालू आहे का ते. चालू होता.

त्या दिवशी वस्तादने पडदा काढून त्याची घडी केली आणि कॉम्प्रेसरवर ठेवली. "मला आंधळा केलात," तो सुनेला म्हणाला. "बहिरा नाहीये मी अजून. आवाज चाकापासून आला की भिंतीपासून, मला कळतं. आज कळायला उशीर झाला, पुढे होणार नाही." बापलेक बोलेनासे झाले. जेवताना एक भिंतीकडे बघायचा, एक ताटाकडे. सून दोघांना वाढता वाढता रडकुंडीला यायची.

मला वाटलं संपलं.

पण माझं ओरडणं फोनमध्ये गेलं होतं. ते बारक्याने टाकलं. कलंडणारी बादली, उडालेलं पाणी, माझं वासलेलं तोंड. आजवर लोकांनी इतकं काहीच पाहिलं नव्हतं म्हणे. मला बाजारात बायका थांबवायला लागल्या. "आत्या, एकदा ओरडा ना!" एका ड्रायव्हरने माझं ओरडणं फोनची घंटी म्हणून लावलं होतं, त्याला घरून फोन आला की मी किंचाळायचे. लोक पोट धरून हसायचे. मीही हसले. काय करणार?

सुनेने वस्तादची समजूत काढली. सगळं खोटं खोटं करायचं. कॉम्प्रेसर बंद ठेवायचा, चाक रिकामं ठेवायचं, बारक्याने वाकायचं, आत्याने ओरडायचं. कुणाला काही धोका नाही. "पोरगा हसेल तरी घरात," ती म्हणाली. वस्तादने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "कॉम्प्रेसर बंद असेल तर काय ते नाटक करा," तो म्हणाला, आणि पडदा परत लागला.

मी ओरडायला शिकले. आधी लाज वाटायची, मग जमायला लागलं. सून सांगायची, आत्या, जरा उशिरा ओरडा, आधी डोळे मोठे करा. पडद्यामागून वस्ताद म्हणायचा, "ताई, जन्मभर माझ्यावर फुकट ओरडलीस, आता त्याचं नाव झालं बघ." दुकानात हसू परत आलं होतं. बारक्या मला बाकावरून उचलून गोल फिरवायचा. त्या दिवसांत फक्त एक गोष्ट मला टोचत राहिली. लोक खाली जे लिहितात ते मी वाचायचे. एकेक अक्षर लावून वाचते, त्यामुळे इतरांच्या नजरेतून सरकून जातं ते माझ्या डोक्यात बसून राहतं. कोणीतरी लिहिलं होतं, "ज्या दिवशी खरंच उडेल त्या दिवशी लाइव्ह करा." आणि त्याखाली किती तरी लोकांनी हसरे चेहरे चिकटवले होते.

मी बारक्याला दाखवलं.

"गंमत करतात गं, आत्या."

"रोज तोच लिहितो."

"मग बघतोय ना रोज? तेच तर हवंय."

पण लोकांना कळायला लागलं होतं. चाक रिकामं आहे, नळी फुगत नाही, नाटक आहे, असं ते लिहायला लागले. बघणारे कमी होत गेले. बारक्या सकाळी उठल्या उठल्या फोन तोंडासमोर धरायचा. चेहरा बघून उघडणारा फोन होता तो. आकडे बघायचा आणि गादीवर टाकून द्यायचा. मान पुन्हा खाली गेली. एक दिवस मला म्हणाला, "आत्या, मी परत पंक्चरवाला झालो."

"पंक्चरवालाच आहेस की. मी पण आहे."

त्याने फोन परत तोंडासमोर धरला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक म्हातारा ड्रायव्हर जुनाट ट्रक घेऊन आला. मागचं चाक बसलेलं. रिंग काढली तर आतली खाच गंजाने खाल्लेली, खपल्या निघत होत्या. वस्तादने बोट फिरवून पाहिलं. "हे चाक भरायच्या लायकीचं नाही."

"पुढच्या गावापर्यंत पोचवा फक्त," ड्रायव्हर म्हणाला. "तिथे दुसरं टाकतो."

वस्तादने पुन्हा एकदा खाचेवरून बोट फिरवलं. "घासून घेऊ. साखळी दुहेरी गुंडाळायची, आणि हवा अगदी हळू सोडायची. बारक्या, ऐकतोस ना?"

"ऐकतोय."

खाच घासली, रिंग बसवली. बारक्याने खुंटीवरची साखळी उतरवली. मी बघितलं त्याला उतरवताना, म्हणून निर्धास्त झाले आणि हातातल्या ट्यूबकडे वळले. दुपार चढली होती. ड्रायव्हर बाहेर झाडाखाली आडवा झाला होता. सून डबे घेऊन आली, तिपाई लावली, तिच्यावर फोन उभा केला. बारक्या तिच्या कानाशी काहीतरी बोलला. तिने एकदा चाकाकडे बघितलं.

"नक्की ना?" तिने विचारलं.

"साखळी आहे ना. दोन मिनिटांचं तर काम."

पडद्यामागे कॉम्प्रेसर घरघरत होता. नाटकाच्या वेळी तो बंद असायचा. मी मान वर केली. साखळी चाकाला गुंडाळलेली नव्हती, चाकाशेजारी वेटोळं करून नीट मांडून ठेवली होती, फोनमध्ये दिसेल अशी. बारक्या फोनसमोर हसत बोलत होता. "आज लाइव्ह. खरं चाक, खरी हवा. नाटक म्हणणाऱ्यांनो, बघा." मग तो गुडघ्यावर बसला आणि वाकला. उन्हाची कोर त्याच्या कपाळावर आली.

"बाजू?" पडद्यामागून वस्तादने विचारलं.

"बाजू!"

आवाज भिंतीपासून आला. अगदी स्पष्ट, भिंतीला पाठ लावून म्हणतात तसा. पण बारक्या माझ्यासमोर वाकलेला होता आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं.

भिंतीशी, खुंटीखाली, गाणी लावायचा छोटा गोल स्पीकर ठेवलेला होता. त्याचा निळा दिवा लुकलुकत होता.

नळी फुरफुरली.

मी ओरडले. जिवाच्या आकांताने ओरडले. सुनेने फोनमागून माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. पडद्यामागून वस्ताद खुदकन हसला. "आज लवकर ओरडलीस, ताई!" त्याने पोराचा आवाज भिंतीपासून ऐकला होता. त्याच्या दृष्टीने पोरगा बाजूला होता, आणि माझं ओरडणं हे माझं ओरडणं होतं, रोजचं.

"बंद कर! वस्ताद, बंद कर! तो चाकावर आहे!"

"वा वा!" तो म्हणाला.

बारक्या हातोडा घेऊन रिंगवर ठेका धरत होता. टण टण टणटण. आणि त्या ठेक्यात मला दुसरा एक आवाज ऐकू आला, बारीक, दातावर दात घासल्यासारखा. रिंगची एक कड खाचेतून वर आली होती. फार नाही. नखाएवढी.

माझे गुडघे आता पटकन उठू देत नाहीत. मी उठले. ट्यूब कापायची सुरी हातात होती. नळी पडद्याखालून येऊन माझ्या बाकासमोरून चाकाकडे जात होती. मी तिच्यावर अंग टाकलं आणि कापली. हवा सुटून तिचं टोक सापासारखं उसळलं, माझ्या तोंडावर धूळ उडाली. बारक्याने दचकून माझ्याकडे मान वळवली.

"आत्या, काय करतेस तू!"

मग तो आवाज झाला.

मला त्यानंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. त्या शांततेत मी पडदा खाली येताना पाहिला, त्याच्यामागे वस्ताद उभा, हात अजून कॉकवर. त्याने आधी भिंतीकडे पाहिलं. पोरगा तिथे असणार म्हणून. भिंतीशी कोणी नव्हतं. स्पीकरचा दिवा लुकलुकत होता. मग त्याने खाली पाहिलं.

सून तिपाई पाडून धावली होती. फोन माझ्या पायाशी उताणा पडला होता आणि चालूच होता. त्याच्यावर अक्षरं भराभर वर सरकत होती, हृदयं तरंगत होती. मी ती अक्षरं लावली. मला दुसरं काही करताच येत नव्हतं. आत्या जबरदस्त. आज खरं वाटलं. आणि एकच शब्द, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या माणसांचा. परत. परत. परत.

बारक्या वाचला. मान वळवली म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. रिंग चेहऱ्याच्या एका बाजूने गेली. दुसरी बाजू ठीक आहे. मी नळी कापली नसती, त्याने मान वळवली नसती, तर काय झालं असतं, हे वस्ताद मला विचारत नाही. मीही बोलत नाही. तो आता कुणालाच काही विचारत नाही. हवा सोडायची वेळ आली की कॉक सोडून उठतो, चाकापाशी असेल त्याच्या दंडाला धरतो आणि भिंतीपर्यंत घेऊन जातो. एखादा ड्रायव्हर चेष्टेने "बाजू!" म्हणालाच तर वस्ताद त्या दिवशी दुकान बंद करतो.

पत्र्याला दुसरी चीर पडली आहे, पहिलीच्या शेजारी. दुपारी जमिनीवर दोन कोरी पडतात.

तो व्हिडिओ सुनेने काढून टाकला, पण तोवर तो दुसऱ्यांकडे गेला होता. अजून फिरतो आहे. परवा एक गाडी थांबली, नवराबायको उतरले, चांगल्या घरचे, अगदी नम्र. हीच ती जागा का, त्यांनी विचारलं. मी काही म्हणायच्या आत नवरा त्या कोरींमध्ये जाऊन उभा राहिला, वर पत्र्याकडे बघत हसला, आणि बायकोने फोन उभा धरला. "आत्या, तुम्ही पण या ना," ती म्हणाली. "एकदाच ओरडा."

माझा घसा त्या दिवसापासून धरलेला आहे. ओरडायचं म्हटलं तरी येत नाही.

बारक्या आता दुकानात येऊन बसतो, माझ्या बाकावर, माझ्या शेजारी. ट्यूब घासून देतो. बोलणं कळतं त्याचं, सवय झाली की. दुपारी दोन्ही कोरी सरकत बाकापाशी येतात तेव्हा तो हात पुसतो, खिशातून फोन काढतो आणि उभा धरतो, तोंडासमोर, पूर्वी सकाळी उठल्या उठल्या धरायचा तसा. फोन त्याच्याकडे बघतो. जरासा थरथरतो आणि बंदच राहतो.

नंबर दाबूनही उघडतो तो. सून तसाच उघडते, तिने त्यालाही दाखवलं आहे. नवा चेहरा टाकता येतो, तेही सांगितलं आहे. तो ऐकतो आणि मान हलवतो. मग चेहरा थोडा वळवून, ठीक असलेली बाजू पुढे करून, परत धरतो.